भिवाजी पाटकऱ्याचं कुत्रं

बत्तीस वर्षं झाली लग्नाला. या बत्तीस वर्षांत ज्या माणसानं माझ्याशी चार शब्द गोड बोलायची तकलीफ घेतली न्हाई, तो माणूस एक दिवस कुत्र्याचं पिल्लू पुढ्यात घेऊन बसला आन् त्याला म्हणून राहिला, "बघ. माझ्याकडं बघ." आता सांगा, मला संशय येणार न्हाई तर काय येईल?

नवऱ्याचं नाव घ्यायला मी पहिल्यापासून लाजते, पण नावाबिगर गोष्ट कशी सांगू. भिवाजी. गावात भिवाजी पाटकरी म्हणतात. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी पाटानं येतं, पाटाचं चारीत येतं, आन् चारीवरची गेटं उघडून कोणाच्या वावरात किती घंटे पाणी सोडायचं ते बघतो तो पाटकरी. नेमणूक आमच्या गावच्या पाणी संस्थेची. दर वर्षी बैठक होती आन् पाटकरी कोण ते ठरतं. बावीस वर्षं बैठकीत दुसऱ्या कोणाचं नाव निघालं न्हाई. गेटाचं चाक काय, कोणीबी फिरवील. पण भर उन्हाळ्यात भाऊ भावाच्या डोक्यात खोरं घालतो पाण्यासाठी, तिथं इमान लागतं. त्यायच्या इमानावर कोणी बोट ठेवलं न्हाई.

आन् कान. काय कान होते त्या माणसाचे. घरात जेवता जेवता सांगायचे, वरच्या अंगाला कोणी तरी चारी फोडली, पाण्याचा आवाज पातळ झाला. अंधारात पाटावरून कोण चाललं ते नुसत्या पावलावरून ओळखायचे. गावातले लोक हसायचे, म्हणायचे, भिवाजीच्या कानाला कुलूप न्हाई.

ते कान गेले. आता साऱ्या गावाला ठाऊक हाय म्हणून सांगते. एकदम न्हाई गेले. आधी पाखरं गेली, मंग कुकरची शिट्टी गेली, मंग मी. मला वाटायचं रुसून बसले. आवं, पाणी तापलं, म्हणावं तर गप. आवं, कोण आलं बघा, तरी गप. मी म्हणलं या माणसाच्या मनात काही तरी शिजून राहिलं. पंचावन्नाव्या वर्षी हा कुठं शेण खाऊन राहिला का काय, असंबी डोक्यात आलं. चार-सहा दिवस मी त्यायच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. खिशात काय निघावं, तर बिडीचं बंडल आन् गेटाची चावी.

मंग एक दिवस मला राहवलं न्हाई. हे ओसरीवर चपलेला खिळा ठोकत बसले होते. मी मागं जाऊन हातातली पितळी परात फरशीवर आपटली. शेजारची मिराबाई तिच्या घरातून ओरडली, काय पडलं वं जनकाबाई? आन् हे आपले खिळा ठोकून राहिले. मान वळली न्हाई, खांदा हलला न्हाई. भांडायला म्हणून उभी होते, तिथंच मटकन बसले आन् रडले. माझं रडणंबी त्यायला ऐकू गेलं न्हाई.

मी बोलले का? न्हाई बोलले. कशी बोलू? बहिरा पाटकरी कोण ठेवील? टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटाचा, शेतकरी दोन फर्लांगावरून बोंबलतो, पाणी आलं न्हाई, पाणी आलं न्हाई, ते ज्याला ऐकू येत न्हाई त्याच्या हातात गेटाची चावी कोण देईल? चावी गेली असती म्हणजे हा माणूस अर्धा झाला असता. त्यायला वाटायचं, मला ठाऊक न्हाई. मी म्हणलं वाटू द्या. एकदा माझाच कान दुखतो असं सोंग करून हिंगोलीच्या डाक्टरकडं नेलं, म्हणलं तिथं गेल्यावर दोघायचेबी कान दाखवू. हे बाहेर बाकावर बसले ते उठलेच न्हाई. डाक्टरनं माझ्या चांगल्या कानात औषध टाकून मला घरी लावलं.

चार वर्षं अशी काढली त्यायनं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचे. चार लोक हसले की हसायचे, थोडं मागून. लेकीचा, संध्याचा, नांदेडहून फोन आला की माझ्या हातात द्यायचे, म्हणायचे, तू बोल, मला काम हाय. गावात कोणाला सुगावा लागला न्हाई. पण संशय यायला लागला होता, आन् तो भलताच.

तेवढ्यात हे पिल्लू आलं. तांड्यावरचा नेमसिंग शेळ्या चारतो, त्याच्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. त्यातलं एक पिवळसर, लांब पायाचं, हे उचलून घेऊन आले. नाव ठेवलं हरण्या. नेमसिंगला सांगितलं, पाटावर रानडुकरं येतात म्हणून पाहिजे. नेमसिंगनं शिकवलं ते एवढंच, की कुत्र्याला आधी काही शिकवू नका, आधी त्याची नजर घ्या. ज्याची नजर तुमच्यावर, त्याचे कान तुमचे. नेमसिंग सहज बोलून गेला असल, पण ह्यायनं ते धरून ठेवलं.

रोज सकाळी, पिल्लाच्या पोटात काही जायच्या आत, हे परसात बसायचे. मुठीत भाकरीचा तुकडा. पिल्लू मूठ हुंगणार, चाटणार, पंजा मारणार, कुईकुई करणार. हे ढिम्म. ना बोलणं, ना मारणं, ना मूठ उघडणं. शेवटी पिल्लू दमून वर तोंडाकडं पाही, की हे म्हणायचे "हां" आन् मूठ उघडायचे. पहिल्या दिवशी एका तुकड्याला किती वेळ लागला म्हणता, माझं अख्खं पीठ मळून झालं. आठ दिवसांनी पिल्लू मुठीकडं बघायचं सोडून सरळ डोळ्याला डोळा लावायला लागलं. मंग हे "हां" म्हणायला उशीर करायला लागले. आधी दोन मोजेपर्यंत, मंग दहा. मंग शेळ्या जाताना, मंग लेकरं खेळताना, मंग पाटावर. नजर हालली तर तुकडा न्हाई, शिवी पण न्हाई. पुन्हा पहिल्यापासून. मला नवल वाटायचं, पोरीला पाढे शिकवताना या माणसाचा हात लगेच उठायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्यायनं गल्लीत जाऊन सांगितलं, माझ्या कुत्र्याला कोणी तुकडा घालायचा न्हाई. झालं. आमच्याकडं कुत्रं म्हणजे कोण्या एकाचं नसतं. ज्याच्या दारात बांधलं त्याचं नाव, खातं साऱ्या गल्लीचं. उरलेली भाकर दारात आलेल्या कुत्र्याला टाकली न्हाई तर बाईमाणसाला चैन पडत न्हाई. आन् हा म्हणतो घालू नका. मिराबाई माझ्या तोंडावर म्हणाली, आमच्या भाकरीत काय इख हाय का? मी काय सांगू, मलाच कळंना. गल्लीनं ठरवून टाकलं, भिवाजी कुत्रं कशासाठी तरी तयार करून राहिलाय, आन् ते चांगल्यासाठी न्हाई.

मी सुद्धा संशयच घेतला, खोटं काहून बोलू. पिल्लू दुपारपर्यंत उपाशी, बरगड्या दिसायच्या, आन् हा माणूस त्याच्या डोळ्यात डोळे घालून बसलेला. मला वाटलं डोकं फिरलं. काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हणतात तसं माझं झालं. बहिरेपण मला ठाऊक, कुत्रं समोर, तरी दोन्हीचा मेळ माझ्या डोक्यात बसला न्हाई.

बसला तो दिवाळीच्या नंतर. मी जेवण घेऊन पाटावर गेले. हे पाठमोरे, गेटाच्या कठड्यावर. हरण्या गुडघ्याशी. सवय म्हणून मी लांबूनच हाक मारली, आवं, जेवता का. हरण्याचे कान उभे राहिले. पण ते माझ्याकडं पळत आलं न्हाई. त्यानं आधी ह्यायच्या तोंडाकडं पाहिलं, नाकानं गुडघा ढोसला, आन् ह्यायची नजर त्याच्यावर आल्यावर मंग तोंड माझ्या दिशेनं केलं. हे वळले आन् म्हणाले, "आलीस का?"

चार वर्षांनी माझ्या हाकेला ओ आली होती. पदरानं डोळे पुसत मी म्हणलं, धूळ गेली डोळ्यात. तवा कळलं, कुत्र्याला नुसतं मालकाकडं बघायला शिकवलं नव्हतं, मालकबी साऱ्या दिवसात त्याच्यावरची नजर हलू देत नव्हता. हरण्याच्या कानाच्या टोकावर हा माणूस नोकरी करून राहिला होता.

पण गावानं जे पाहिलं ते वेगळं. गावानं पाहिलं, की भिवाजीचं कुत्रं कोणाची भाकर खात न्हाई, कोणी आलं की लगेच भिवाजीला इशारा करतं, आन् भिवाजी माणसापेक्षा कुत्र्याकडं जास्त बघतो. म्हणजे राखणीला ठेवलंय. म्हणजे लपवायचं काही तरी हाय. त्यात चारीच्या तोंडाशी विश्वंभररावांचं वावर, त्यायच्या चिंचेखाली हे सावलीला बसायचे, बावीस वर्षांपासून बसायचे. पण आता लोकायला ती चिंच दिसायला लागली. टेलच्या लोकायनं हाका मारल्या तर भिवाजी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, अशी चार जणांची तक्रार आधीची होतीच. चोराच्या मनात चांदणं, असं पानटपरीवर बोलणं सुरू झालं. सगळ्यात पुढं योगेश. तरणा पोरगा, वावर बराबर टेलला, त्याच्यापर्यंत पाणी यायचं म्हणजे आधी साऱ्यांची भूक भागली पाहिजे. चिडका हाय, पण खोटा न्हाई. त्याला खरंच वाटायचं त्याचं पाणी चोरीला जाऊन राहिलं.

आता माझं पाप सांगते.

माघातली पाण्याची पाळी होती. योगेशचा गहू ओंबीत आलेला, त्याला त्या दिवशी पाणी मिळालं न्हाई तर दाणा पोचट. हे पहाटेच गेटावर गेले, हरण्या मागं राहिलं होतं, मी घेऊन जाणार होते. दारात ते माझ्याकडं बघत बसलं. मला त्या जनावराची माया आली. ह्यानं माझा माणूस मला परत दिला, आन् आमी त्याला तुकड्या-तुकड्याला तरसवतो. मी दूध-भाकरीचा काला केला आन् पोटभर खाऊ घातलं. पोट टम्म झालं त्याचं. मंग त्याला पाटावर सोडून मी खुरपायला गेले.

पोट भरलेलं कुत्रं कोणाकडं काहून बघल? चिंचेखाली आडवं पडलं आन् झोपलं. ह्यायनं दहा वाजता रावांचं गेट बंद केलं, पाणी खाली योगेशकडं सोडलं, आन् सावलीला बसले. थोड्या वेळानं रावांच्या गेटाची खालची फळी निखळली आन् पाणी भसाभसा रावांच्या वावरात घुसलं. ह्यायच्या पाठीमागं, वीस पावलांवर. कानाच्या माणसाला ते ओढ्यागत ऐकू आलं असतं. तिकडं योगेशची चारी कोरडी पडली. तो पळत वर आला. मधी पाट भरलेला, पूल लांब. त्यानं पलीकडच्या काठावरून हाका मारल्या. मारल्या आन् मोबाईलवर फिल्मबी काढली. फिल्ममधी सगळं दिसतं: रावांच्या वावरात घुसणारं पाणी, झोपलेलं कुत्रं, आन् भिवाजी पाटकऱ्याची पाठ. आन् आवाज योगेशचा, अहो पाटकरी, अहो पाटकरी. अकरा वेळा. मी मोजल्या हायेत.

दुपारपर्यंत ती फिल्म गावात साऱ्यांच्या मोबाईलवर गेली. सोमवारी संस्थेची बैठक लागली.

बैठकीला बायांना कोणी बोलावत न्हाई. मी गेले. दाराशी उभी राहिले, ह्यायच्या मागच्या बाजूला. हे पुढं सतरंजीवर, हरण्या गुडघ्याशी. अध्यक्ष प्रेमानंद गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, भला माणूस. त्यायनं फिल्म लावून मोबाईल ह्यायच्या पुढं धरला. साऱ्या खोलीत त्या अकरा हाका घुमल्या. ह्यायला तेवढी स्वतःची पाठ दिसली.

गुरुजीनं विचारलं, योगेश हाका मारून राहिला होता, तुमी काहून वळला न्हाईत? गुरुजी समोर बसलेले, म्हणून ह्यायला विचारलेलं कळलं. सगळे वाट बघून राहिले. आन् हा माणूस काय म्हणाला?

"चूक झाली. वाटलं, रावांचं वावर थोडं भिजू द्यावं."

माझ्या अंगाची लाही झाली. फळी निखळली होती, ते बैठकीच्या आदल्या दिवशी ह्यायनंच दुरुस्त करताना मला दाखवलं होतं. बावीस वर्षांचं इमान, आन् हा गडी भर बैठकीत स्वतःला चोर म्हणवून घेतो, पण बहिरा म्हणवून घेत न्हाई. मरण परवडलं पण ही खोड न्हाई परवडली. विश्वंभरराव उठून ओरडले, मी कवा मागितलं रे पाणी? योगेश म्हणाला, ऐका, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कोणी तरी म्हणलं, खाई त्याला खवखवे.

"त्यायला ऐकू येत न्हाई, गुरुजी," मी दारातून म्हणलं. "चार वर्षं झाली."

सारी खोली माझ्याकडं वळली. हे न्हाई वळले. मंग हरण्यानं गुडघा ढोसला, तोंड दाराकडं केलं, आन् हे वळले. मला बघून त्यायचं तोंड पडलं. मी काय बोलले ते त्यायनं ऐकलं नव्हतं, पण साऱ्यायच्या तोंडावर वाचलं.

योगेश हसला. म्हणाला, आता बहिरेपणाचं सोंग काढलं. आन् उठून तो ह्यायच्या मागं गेला आन् हळूच म्हणाला, "पाटकरी." हरण्यानं वर पाहिलं, नाक लावलं, तोंड फिरवलं. हे बराबर योगेशकडं वळले. लोकायनं एकमेकांकडं पाहिलं. योगेश दुसऱ्या कोपऱ्यात गेला, पुन्हा म्हणाला. हे पुन्हा बराबर वळले. मी सांगून राहिले, आवं ते कुत्रं सांगतं त्यायला. तशी खोलीत हशा पिकला. कुत्रं सांगतं म्हणे. आता कुत्रंच पाटकरी करा. गुरुजीसुद्धा माझ्याकडं कीव आल्यागत बघून राहिले. चार महिने उपाशी ठेवून, जीव लावून जे शिकवलं, ते इतकं बराबर शिकवलं होतं की आता खरं सांगायची सोय राहिली नव्हती.

ह्यायनं एकदा हरण्याकडं पाहिलं, एकदा त्या हसणाऱ्या तोंडांकडं. काय चाललंय ते त्यायला समजलं होतं. गप बसले असते तर चोर ठरले असते, पण कान शाबूत राहिले असते. चोराला दंड होतो, गाव वरीसभरात इसरतं, पुढच्या साली कोणी पुन्हा नाव काढलंबी असतं. बहिऱ्याचं कोणी काढणार न्हाई.

मंग ते उठले. हरण्याच्या गळ्यातला पट्टा धरून दारापर्यंत आणलं आन् माझ्या हातात दिला.

"याला बाहेर ने," म्हणाले. "मला दिसणार न्हाई एवढं लांब ने."

मी काही बोलायच्या आत ते माघारी फिरले, आन् साऱ्यायकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसले.

मी हरण्याला बाजूच्या शाळेच्या कुंपणापर्यंत नेलं. आतून आधी गुरुजीचा आवाज आला, भिवाजी. मंग योगेशचा, पाटकरी. मंग तिसऱ्याचा, चौथ्याचा. मंग सगळे मिळून ओरडायला लागले, जसं लांबच्या वावरातल्या माणसाला ओरडतात तसं. कोणी टेबल बडवला. कोणी माय-बापावरून घाण शिवी दिली, बघू आता तरी वळतो का. प्रत्येक हाकेला हरण्या उसळी मारायचं. त्याला आत जायचं होतं, सांगायचं होतं. पट्टा माझ्या बोटात रुतला. मी त्याला पोटाशी आवळून बसले आन् म्हणत राहिले, थांब रे लेकरा, आज सांगायचं न्हाई.

हळूहळू आवाज कमी झाले. टेबल थांबला. शेवटी एकटा योगेशचा आवाज आला, बारीक. "काका," म्हणाला. त्यानं ह्यायला आजपर्यंत काका म्हणलं नव्हतं. मंग काहीच न्हाई.

माझा हात ढिला झाला आन् हरण्या सुटलं. मी मागं पळाले. दारात पोचले तवा ते ह्यायच्या गुडघ्याला नाक लावून, तोंड साऱ्यायकडं करून उभं होतं. हे वळले. समोर सगळे माना घालून बसलेले, कोणाचंच तोंड हलत नव्हतं.

"झालं का?" त्यायनं विचारलं.

गुरुजीनं मान हलवली. योगेश ह्यायच्या पुढ्यात येऊन बसला आन् काही तरी बोलायला गेला, पण ह्यायनं त्याच्याकडं पाहिलं न्हाई. करदोट्याला बांधलेली गेटाची चावी सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. चावी गुरुजीच्या पुढं सतरंजीवर ठेवली.

"आता कोणी चोर म्हणू नका," म्हणाले, आन् उठले.